जुनी डायरी आणि संथ सिनेमा : बसायचं कसं, बघायचं काय

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी आमच्या घरात शिरलं, तेव्हा तळमजल्याच्या कपाटात माझ्या अकरा डायऱ्या होत्या. १९९९ ते २००९. बाकीच्या माळ्यावर लोखंडी ट्रंकेत होत्या म्हणून वाचल्या. २००५ च्या पुरात पाणी उंबऱ्यापर्यंत येऊन थांबलं होतं, त्यामुळे खालचं कपाट मला सुरक्षित वाटायचं. चिखल काढता काढता तिसऱ्या दिवशी त्या कपाटाचं दार उघडलं, तर वह्या फुगून एकमेकींत रुतून बसल्या होत्या.

मी १९८७ पासून रोज आठ-दहा ओळी लिहिते. पण मागचं वाचायची सवय कधीच नव्हती. दोन-तीनदा वाचायला बसले आणि कंटाळून उठले. ‘आज शाळेत तपासणी. दुपारी वांग्याची भाजी. पाऊस.’ यात वाचायचं काय? एकतीस वर्षं मी गणित शिकवलं, त्यामुळे पायऱ्या मांडल्या की शेवटी उत्तर यायला हवं ही माझ्या हाडात मुरलेली सवय. डायरीत उत्तर येत नाही. आणि ज्या सिनेमात गोष्ट धड पुढे सरकत नाही, तोही मला याच कारणानं नकोसा व्हायचा. त्या पावसाळ्यात ओली पानं एकेक करून सोडवताना ती वाचावीच लागली, आणि ती वाचायची रीत हाताला लागली. पुढे तीच रीत सिनेमालाही चालली. तीच इथे सांगते.

आधी भिजलेल्या वह्यांचं, कारण आमच्याकडे हा प्रश्न पुन्हा येणार आहे. वही उभी ठेवून पानं पंख्यासारखी उघडायची. खाली जुनं सुती कापड अंथरायचं आणि दर आठ-दहा पानांमागे कोरा कागद घालायचा. छापील वर्तमानपत्र घालू नका, त्याची शाई ओल्या पानावर उतरते. कोरा कागद ओला झाला की बदलायचा, दिवसातून तीन-चारदा. उन्हात टाकायचं नाही, वाऱ्यावर सुकवायचं. चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. थोडी सुकली की कडेला सुरीची बोथट बाजू घालून हलके हलके सुटतात. लाइट आल्यावर पंखा लावायचा, पण वाऱ्याचा झोत थेट पानांवर नको. माझं बॉलपेननं लिहिलेलं जवळजवळ सगळं राहिलं. १९९९ आणि २००० ही वर्षं मात्र शाईच्या पेननं लिहिलेली होती, त्यांच्या पानांवर आता फक्त निळसर ढग आहेत.

आता वाचनाकडे.

पहिली गोष्ट : लग्न, बारसं, मृत्यू, निकाल, नोकरी लागली तो दिवस, यांपासून सुरुवात करू नका. वही हातात आली की आपण नेमकी तीच पानं शोधतो. पण त्या दिवसांची गोष्ट आपण इतक्यांदा इतक्या जणांना सांगितलेली असते की ती घोटून गुळगुळीत झालेली असते. पानावर काहीही लिहिलेलं असो, आपल्याला आपण सांगत आलो तीच गोष्ट दिसते. त्याऐवजी असा एखादा महिना घ्या, ज्यात काहीच घडलं नाही असं तुम्हाला वाटतं. मी २००२ चा जानेवारी घेतला होता. एका बैठकीला एकच महिना. त्याला मला पाऊण तास लागतो. त्याहून जास्त वाचलं तर डोळे नुसते ओळींवरून घसरतात.

दुसरी गोष्ट : हिशेबाच्या ओळी गाळू नका. दुधाचे खाडे, रॉकेल, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कोणाला किती उसने दिले, वाणसामानाची यादी. आपल्याला वाटतं खरं लिखाण पुढे आहे आणि हे मधलं अडगळीचं. मोठ्या भावना लिहिताना माणूस शब्द निवडतो, बऱ्याचदा दुसऱ्या कुणाचे तरी घेतो. खाड्याची नोंद करताना तो काहीच लपवत नाही.

यातलं एक अगदी जवळून दाखवते. २३ ऑगस्ट २००४, सोमवार. लेक इंजिनिअरिंगला पुण्याला वसतिगृहात राहायला गेली. त्या दिवशीची नोंद दीड पान आहे. किती बॅगा, कुंभार्ली घाटात एसटी अर्धा तास थांबली, खोली दुसऱ्या मजल्यावर, खिडकी उत्तरेला. शेवटी ‘तिचं छान होवो’. हे पान मला तोंडपाठ होतं, आणि खरं सांगायचं तर ते पान कुणाही आईचं असू शकलं असतं. ओल्या वहीत मला त्याच्या पुढची पानं दिसली. २४ ऑगस्ट : ‘तीन पोळ्या उरल्या.’ २५ : ‘पोळ्या उरल्या, भाजीही.’ २६ : ‘सकाळी फोडणीची पोळी केली.’ २८ : ‘पोळ्या उरल्या.’ ३० : ‘चार उरल्या.’ असं चाललंय. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून ११ सप्टेंबरपर्यंत एकोणीस दिवस. १२ सप्टेंबरला एकच ओळ : ‘कणीक मोजून भिजवली. काही उरलं नाही. गॅस आला.’

त्या एकोणीस दिवसांत तिची आठवण येते असं मी एकदाही लिहिलेलं नाही. आणि १७ सप्टेंबरला, गणपतीच्या आदल्या दिवशी ती आली, तेव्हाची नोंद : ‘कणीक मुद्दाम जास्त भिजवली.’

ही नोंद मला सतरा वर्षांनी कळली. लिहिताना मला पोळ्यांचाच त्रास होत होता, दुसरं काही नाही. म्हणून वाचताना मी एक प्रश्न कायमचा बदलला. ‘पुढे काय झालं?’ हे विचारायचं नाही. आपल्याच आयुष्यात पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊकच असतं. विचारायचं, ‘परत परत काय येतंय?’ महिना वाचताना शेजारी एक चिठ्ठी ठेवा आणि पेन्सिलीनं फक्त पुन्हा पुन्हा येणाऱ्या गोष्टी लिहा. एखादा शब्द, एखादं दुखणं, एखादं माणूस, एखादी भाजी. २००२ च्या जानेवारीतून माझ्या चिठ्ठीवर आलं : ‘उशीर’ नऊ वेळा, गुडघा चार वेळा, शेजारच्या काकूंकडून आलेली वाटी सहा वेळा. काकू आता नाहीत. त्यांच्याबद्दल मी कधी पानभर लिहिलं नव्हतं, आणि तरी त्या महिन्यात त्या घरभर आहेत.

मूळ वहीत काही लिहू नका, खुणाही करू नका. जुन्या हस्ताक्षराशेजारी आजचं अक्षर आलं की पुढच्या वेळी डोळा आधी तिकडेच जातो.

लागणारी पानं येतात. भांडणं, अपमान, आपण कुणाला तरी बोललेलं वाईट. असं पान आलं की चिठ्ठी घालून वही मिटा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करा. पान गाळून पुढे जाऊ नका, आणि फाडू तर मुळीच नका. १९९६ मध्ये एका मुख्याध्यापकांशी माझा मोठा वाद झाला होता. त्याची चार पानं मी रागानं फाडून बंबात घातली. आज त्या वादातली माझी बाजू माझ्याकडे नाही, फक्त राग आहे. चूक माझीही असेल, पण ती तपासायला आता काही उरलं नाही. या नुकसानाची मला अजून चुटपुट लागते.

दुसऱ्या माणसांबद्दल लिहिलेलं त्यांना विचारल्याशिवाय मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही, हेही पाळा. पोळ्यांचं हे सगळं मी लेकीला विचारूनच लिहिते आहे.

डायरी कधी लिहिलीच नसेल तर? घरात कालनिर्णयची जुनी पानं असतील तर ती काढा. कालनिर्णय १९७३ पासून घराघरांत आहे, आणि अनेक घरांत त्याच्या चौकोनांत दुधाचा हिशेब, कामवाल्या बाईंचे खाडे, कोणाचं येणं, कोणाचं जाणं लिहिलेलं असतं. माझ्या आईनं आयुष्यात डायरी लिहिली नाही. पण तिच्या १९८८ च्या कॅलेंडरवर मार्चभर दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आलेलं दिसतं, आणि एप्रिलमध्ये पुन्हा एक. त्या मार्चमध्ये वडील दवाखान्यात होते. तिची सही नाही, एक वाक्य नाही, नुसते आकडे. तेही असंच वाचायचं.

आता सिनेमाचं.

२०१५ मध्ये पुण्यात भाच्यानं मला ‘कोर्ट’ दाखवायला नेलं. चैतन्य ताम्हाणेंचा हा सिनेमा त्या एप्रिलमध्ये चित्रपटगृहांत आला होता, राष्ट्रीय पुरस्काराचं नाव होतं. एक म्हातारे लोकशाहीर, त्यांच्या गाण्यामुळे एका सफाई कामगारानं आत्महत्या केली असा आरोप, आणि चालत राहणारा खटला. मी निकालाची वाट बघत बसले. मध्येच सरकारी वकील बाई लोकलनं घरी जातात, मुलाला घेतात, स्वयंपाक करतात. आरोपीचे वकील दुकानात खरेदी करत फिरतात. मी भाच्याला दोनदा विचारलं, हे कशाला दाखवतायत? शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, पडदा काळा होतो. मी पर्स उचलली. तर सिनेमा अजून बाकी होता, न्यायाधीश सहलीला गेलेले. बाहेर पडल्यावर मी म्हटलं, मग त्या शाहिराचं शेवटी काय झालं? भाचा बिचारा गप्प बसला.

पुरानंतर त्या दिवाळीत लेकीच्या लॅपटॉपवर मी तो पुन्हा पाहिला. वकील बाई घरी आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या, आणि मला माझी कणीक आठवली. या बाई दिवसभर एका म्हाताऱ्या माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी कलमं वाचून दाखवतात आणि संध्याकाळी चार माणसांना गरम जेवायला वाढतात. हे दोन्ही एकाच बाईचं आहे, हे कुणी मला भाषणातून सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते. इथे मला ती पूर्ण संध्याकाळ त्यांच्याबरोबर काढावी लागली. काळ्या पडद्याच्या वेळी या खेपेला मी पर्स शोधली नाही. त्या रिकाम्या, बंद न्यायालयात अंधार होत जाताना शाहीर तुरुंगात आहेत आणि सगळे सुट्टीवर गेलेत, एवढंच मनात होतं.

तर अशा सिनेमाला बसण्याची तयारी. कथा आधी वाचू नका, पण सिनेमा किती मिनिटांचा आहे ते बघून ठेवा. वेळ ठाऊक असला की ‘अजून किती?’ ही चुळबुळ निम्म्यानं कमी होते. जेवणं उरकून, कुकर उतरवून बसा. फोन दुसऱ्या खोलीत. मोठा पडदा नसला तरी चालेल, पण आवाज नीट हवा, कारण या सिनेमांत अर्धी गोष्ट आवाजात असते. साधे हेडफोनही पुरतात. मध्ये थांबवायचं नाही. थांबवून चहा करून आलात तर सिनेमाचा वेळ तुमच्या वेळाशी जुळत आलेला असतो तो तुटतो, आणि तो जुळणं हाच यातला निम्मा आनंद आहे.

पहिली वीस मिनिटं जड जातात. मला अजूनही जातात. त्या वेळात मन ‘मुद्दा काय?’ म्हणून धडका मारत असतं. त्याला काम द्या. पात्रांचे हात बघा. कोण काय उचलतं, कसं ठेवतं, काय पुसतं. विम वेंडर्स यांच्या २०२३ च्या ‘परफेक्ट डेज’मध्ये टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं धुणारा एक माणूस आहे. रोज पहाटे उठतो, अंथरुण घडी करून ठेवतो, रोपांना पाणी घालतो, गाडीत कॅसेट लावतो, कामाला जातो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. गोष्ट म्हणून सांगायला गेलं तर चार ओळीही होणार नाहीत. पण रोज तेच पाहिल्यामुळे एखाद्या दिवशी त्याच्या दिनक्रमात जरासा खंड पडला की आपल्या पोटात गलबलतं. डायरीतला ‘गॅस आला’ असाच वाचावा लागतो. आधीचे एकोणीस दिवस वाचले नसतील तर ती ओळ मुकी राहते.

माणूस खोलीतून निघून गेल्यावरही कॅमेरा तिथेच राहिला, तर घाई करू नका. राहिलंय काय ते बघा. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाच्या १९५३ च्या ‘टोकियो स्टोरी’त दोन प्रसंगांच्या मध्ये धुराडी, वाळत घातलेले कपडे, रिकामी खोली असं येतं. ओझूंचा कॅमेरा पुष्कळदा जमिनीलगत ठेवलेला असतो, तिथल्या चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर. आपण पाटावर बसून जेवलेली माणसं, आपल्याला ती उंची लगेच ओळखीची वाटते. म्हातारे आईवडील मुलांना भेटायला शहरात येतात, मुलांना वेळ नसतो, एवढंच त्यात घडतं. तो मी आमच्या यांच्याबरोबर पाहिला. संपल्यावर दोघंही बराच वेळ बोललो नाही, आणि मग यांनी पुण्याला फोन लावला.

सुरुवात कशानं करावी? मी ‘किल्ला’ सुचवते. अविनाश अरुण यांचा, मराठी, २०१५ मध्ये प्रदर्शित झालेला. वडील गेल्यावर आईच्या बदलीमुळे कोकणातल्या गावात आलेला मुलगा, नवे मित्र, पाऊस, समुद्र. त्यात गोष्टीचा धागा इतपत आहे की सवय नसलेल्या माणसाला धरून बसता येतं, आणि तो धागा इतका सैल आहे की आजूबाजूला बघायला सवड मिळते. कोकणातल्या माणसाला तर त्यातला पाऊस ऐकूनच पैसे वसूल. मग ‘परफेक्ट डेज’, मग ‘टोकियो स्टोरी’. ‘कोर्ट’ मी मुद्दाम शेवटी ठेवीन, कारण त्यात खटला आहे, आणि खटला म्हटला की आपलं मन निकालाकडे धावतं. आधीच्या तिघांनी ते थोडं शांत केलेलं बरं.

संथ असलेला प्रत्येक सिनेमा चांगला असतो असं मात्र नाही, आणि आवडला नाही म्हणून मनाला लावून घ्यायचं कारण नाही. माझी परीक्षा साधी आहे. चाळीस मिनिटांनंतर त्यातली एखादी खोली, एखादा आवाज किंवा एखाद्याची चालायची लकब ओळखीची झाली असेल तर सिनेमा काम करतोय, बसून राहा. काहीच ओळखीचं झालं नसेल तर उठा. दिग्दर्शकानंही त्या जागेकडे नीट पाहिलेलं नाही.

संपल्यावर शेजारच्याला ‘कळला का?’ विचारू नका. या प्रश्नानं माणूस परीक्षेला बसल्यासारखा होतो. हे मी एकतीस वर्षं वर्गात पाहिलं आहे. ‘तुला काय दिसलं?’ असं विचारा. लेकीनं ‘किल्ला’ पाहून आधी सांगितलं ते आईच्या कपाळावरच्या थकव्याबद्दल. मला त्या मुलाच्या सायकलचीच आठवण राहिली होती. एकच सिनेमा, बाकावर शेजारी बसून दोघींनी वेगळा पाहिला.

शेवटी चिठ्ठ्यांचं काय करायचं ते सांगते. महिना वाचून झाला की चिठ्ठीवर वाचल्याची तारीख घाला आणि ती त्याच महिन्याच्या पानांत ठेवा. पिना, टाचण्या लावू नका, त्या गंजतात. सेलोटेपही नको, पिवळा पडून कागद खातो. वहीबरोबर वेखंडाचा तुकडा पातळ कापडात बांधून ठेवला की कसर लागत नाही. डांबरगोळ्यांचा वास मला सोसत नाही, पण त्याही चालतात. आणि मग निदान दोन वर्षं त्या महिन्याला हात लावू नका. दुसऱ्यांदा वाचताना आधीची चिठ्ठी पाहायची नाही, नवी करायची, मग दोन्ही शेजारी ठेवायच्या.

२००४ ची वही मी गेल्या वर्षी पुन्हा काढली. जुन्या चिठ्ठीवर होतं : ‘पोळ्या – १९ दिवस.’ नव्या चिठ्ठीवर पोळ्या होत्याच, पण त्यांच्याखाली आणखी एक ओळ आली. २४ ऑगस्टपासून जवळजवळ रोज, नोंदीच्या अगदी शेवटी, मी लिहिलं होतं : ‘हे अंगणात फेऱ्या मारतायत.’ ‘हे अजून बाहेरच.’ ‘फेऱ्या.’ पहिल्या वाचनात या ओळींवरून माझे डोळे सरळ पुढे गेले होते. १२ सप्टेंबरला कणीक मोजून भिजवली, त्या रात्रीच्या नोंदीतही फेऱ्या आहेत. १७ ला नाहीत.

दोन्ही चिठ्ठ्या आत ठेवून वही ट्रंकेत ठेवली आणि खाली गेले. हे अंगणात जास्वंदीला पाणी घालत होते. मी चपला घातल्या आणि म्हटलं, चला, एक फेरी मारून येऊ.